वळिवडे कॅम्पमधल्या पोलिश मुलांना त्यांचे आईवडील पुढे कुठे आणि कसे भेटले?

प्रश्न: सुनंदा_करवीर

सर्वांना नमस्कार. मी करवीर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. सध्या नववीच्या विद्यार्थ्यांकडून वळिवडे येथील पोलिश निर्वासितांच्या छावणीवर भित्तिपत्रक करून घेत आहे. सहज मिळण्यासारखी माहिती आम्ही गोळा केली आहे. १९४३ ते १९४८ या काळात येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते आणि त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. छावणीत चर्च, शाळा, दवाखाना, नाट्यगृह असे सगळे होते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ उभा आहे, आणि पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, ज्याला ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी भेट दिली. मुलांनी फोटोही बरेच जमवले आहेत.

मात्र वर्गातील एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे नीट उत्तर मला देता आले नाही. तिने विचारले, "बाई, कॅम्प बंद झाला म्हणजे ही मुले घरी गेली ना? त्यांचे बाबा त्यांना न्यायला आले होते का?" आम्ही जमवलेल्या फोटोंमध्ये पुरुष जवळजवळ दिसत नाहीत, हे तिने बरोबर हेरले होते. छावणीतील जीवनाविषयी वर्तमानपत्रांतून अधूनमधून लिहून येते, परंतु १९४८ नंतर या मुलांचे काय झाले, त्यांची आपल्या माणसांशी गाठभेट झाली का, झाली असल्यास कोणत्या देशात झाली, आणि इतक्या वर्षांनी एकमेकांना भेटल्यावर ती कुटुंबे पुन्हा एकत्र नांदली का, याविषयी मराठीत मला फारसे वाचायला मिळाले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. मुलांना अर्धवट उत्तर देऊन मोकळे होण्याची माझी इच्छा नाही.

---

उत्तर: अभिलेख_पुणे

सुनंदाताई, आपल्या विद्यार्थिनीला थेट उत्तर द्यायचे तर, बहुतेक मुले घरी गेली नाहीत, कारण जाण्यासाठी घरच उरले नव्हते. वळिवड्याची बहुतांश कुटुंबे पोलंडच्या पूर्व भागातील होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे झालेल्या परिषदेत तो सारा मुलूख सोव्हिएत संघाकडे राहील असे ठरले. त्यांची गावे जागेवरच राहिली, पण ती आता दुसऱ्या देशात गेली होती, आणि तो देशही त्यांना घरातून उचलून हद्दपार करणाराच. त्यामुळे गाठभेट झाली ती बहुधा तिसऱ्याच देशात, बापाला आणि लेकराला सारख्याच परक्या असलेल्या भूमीवर.

हे समजण्यासाठी आधी ताटातूट कशी झाली ते पाहावे लागेल, कारण ती एका फटक्यात झाली नव्हती. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत संघाने पोलंडवर आक्रमण केले. पूर्व भागातील सैन्याधिकारी, पोलीस, सरकारी नोकर असे अनेक पुरुष तेव्हाच कैद झाले. त्यानंतर फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार मोठ्या लाटांत लक्षावधी माणसे गुरांच्या डब्यांतून अर्खांगेल्स्क, सायबेरिया, कझाकस्तान या भागांत नेण्यात आली. रात्री दारावर थाप पडायची आणि सामान बांधायला जेमतेम अर्धा-एक तास मिळायचा. कित्येकांचे वडील आधीच तुरुंगात असत. आई, आजी आणि मुले यांची अशा रीतीने त्यांच्यापासून पहिली ताटातूट झाली.

जर्मनीने जून १९४१ मध्ये सोव्हिएत संघावरच हल्ला केल्यावर चित्र पालटले. लंडनमधील परागंदा पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात ३० जुलै १९४१ रोजी करार झाला, पोलिश कैद्यांना मुक्त करण्यात आले आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभे राहू लागले. ही वार्ता कानोकानी पसरली आणि उत्तरेकडून हजारो कुटुंबे उझबेकिस्तानकडे निघाली. मला विचाराल तर या सगळ्या कथेतील सर्वांत कठीण प्रसंग येथे घडला. उझबेकिस्तानात टायफस आणि उपासमार यांनी माणसे पटापट मरत होती. सैन्याच्या आश्रयाने पोलिश अनाथालये उघडली गेली होती, तेथे खायला मिळत होते, आणि अनाथालयांतील मुलांना देशाबाहेर नेले जाईल असे बोलले जात होते. म्हणून कित्येक आयांनी स्वतः जिवंत असताना आपली मुले अनाथालयाच्या दारात नेऊन दिली. पोर जगावे म्हणून आईने त्याला स्वतःच्या हाताने दूर केले. आपल्या भित्तिपत्रकावर या मुलांचा उल्लेख सरसकट 'अनाथ' असा झाला असेल तर तो कृपया दुरुस्त करावा. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे ज्या मुलांना आसरा दिला, त्यांतही अनेकांचा आई किंवा बाप कुठेतरी जिवंत होता.

मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट १९४२ मध्ये सैनिक आणि काही नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून क्रास्नोव्होद्स्कहून इराणमधील पहलवी बंदरात उतरले. अशा रीतीने सोव्हिएत भूमीबाहेर पडलेल्यांची संख्या एक लाखाहून अधिक होते. काही मुले अश्काबाद आणि मशहद या खुष्कीच्या मार्गाने ट्रकमधून भारतात आली. येथपर्यंत ज्यांचे वडील सापडले होते, त्यांची आता पुन्हा ताटातूट झाली, कारण सैन्य इराक, पॅलेस्टाइन या मार्गाने इटलीच्या आघाडीवर गेले आणि कुटुंबांची पांगापांग भारत, पूर्व आफ्रिका, लेबनॉन, मेक्सिको, न्यूझीलंड अशी झाली. वळिवड्याच्या फोटोंत बाप दिसत नाहीत त्याचे कारण हे आहे. जे सैन्यात होते त्यांपैकी कित्येकजण मे १९४४ मध्ये इटलीत माँते कॅसिनोच्या डोंगरावर लढत होते.

या सैनिकांची पत्रे सैनिकी टपालाने वळिवड्याला येत असत. परंतु आणखीही एक गट होता, ज्याविषयी मी आपल्याला आवर्जून सांगू इच्छितो. ज्यांचे वडील १९३९ मध्ये पकडले गेलेले अधिकारी होते, त्यांना कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क, ओस्ताश्कोव्ह या छावण्यांतून सुरुवातीला पत्रे येत होती. १९४० च्या वसंतात ती एकाएकी थांबली. त्याच वसंतात सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले होते, ज्याला आज कातिनचे हत्याकांड म्हणतात, आणि एप्रिल १९४० च्या लाटेत हद्दपार झालेल्यांत प्रामुख्याने याच कैद्यांची बायकामुले होती. एप्रिल १९४३ मध्ये कातिनच्या सामूहिक कबरी उजेडात आल्या, परंतु सोव्हिएत संघाने स्वतःची जबाबदारी कबूल केली ती थेट एप्रिल १९९० मध्ये. याचा अर्थ असा की पंचगंगेकाठच्या त्या बराकींत काही मुले अशा बापाची वाट पाहत होती जो त्यांनी हिंदुस्थानचा किनारा पाहण्यापूर्वीच मारला गेला होता, आणि त्यांना निश्चित उत्तर मिळेपर्यंत ती स्वतः साठीच्या घरात पोहोचली होती.

युद्ध संपले तेव्हा ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन आणि अमेरिका यांनी वॉर्सामधील नव्या सरकारला मान्यता दिली. लंडनमधील सरकारची मान्यता त्याबरोबर संपली. ज्या सरकारच्या नावाने छावणी चालत होती ते सरकारच कागदोपत्री राहिले नाही. पुढे छावणीचा कारभार संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे आणि नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेला. पोलंडला परतण्याचा आग्रह झाला, काही कुटुंबे परतलीही, पण बहुतेकांनी नकार दिला. अखेर मार्ग निघाला तो सैनिकांमुळे. ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली लढलेल्या पोलिश सैनिकांना ब्रिटनमध्ये वसवण्याचा निर्णय झाला, त्यासाठी १९४६ मध्ये स्वतंत्र पुनर्वसन दल उभारले गेले आणि मार्च १९४७ मध्ये कायदा झाला. त्या सैनिकांच्या बायकामुलांना, अवलंबून असलेल्या नातेवाइकांना ब्रिटनमध्ये आणण्याची सोय झाली आणि १९४७ पासून वळिवड्याची कुटुंबे रेल्वेने मुंबईला आणि तेथून बोटीने इंग्लंडला जाऊ लागली.

म्हणजे न्यायला कोणाचे बाबा वळिवड्याला आले नाहीत. ज्याच्या बापाचे, भावाचे किंवा काकाचे नाव सैन्याच्या पटावर होते, त्याला बोटीवर जागा मिळाली. हा पट त्या मुलांच्या नशिबाचा कागद ठरला, असे मी जबाबदारीने म्हणतो. बाप माँते कॅसिनोच्या लढाईतून वाचला की नाही हे जितके महत्त्वाचे होते, तितकेच त्याने १९४२ मध्ये भरतीच्या रांगेत उभे राहून बायकोचे आणि मुलांचे नाव नीट लिहून दिले होते की नाही, हेही महत्त्वाचे ठरले.

---

उत्तर: मीनल_बर्मिंगहॅम

अभिलेख यांनी इतके तपशीलवार लिहिल्यावर मी केवळ इंग्लंडकडची बाजू सांगते. मी येथे वृद्धांच्या निवासात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. आमच्याकडे एक पोलिश आजी होत्या. मी कोल्हापूरकडची आहे हे कळल्यावर त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि "वळिवडे" हा शब्द इतका स्वच्छ उच्चारला की मला क्षणभर बोलताच आले नाही. पुढे त्या जे तुकड्यातुकड्यांनी सांगत गेल्या, ते त्यांची ओळख उघड होणार नाही इतपत येथे लिहिते.

वडिलांना नेले तेव्हा त्या मांडीवरच्या होत्या. त्यामुळे वडील म्हणजे त्यांच्यासाठी एक फोटो होता, बराकीतील खोलीत चटईच्या भिंतीवर टांगलेला, गणवेशातला, भरघोस केसांचा. आई रोज रात्री त्या फोटोसमोर प्रार्थना म्हणवून घेई. १९४७ च्या अखेरीस बोट इंग्लंडला लागली आणि त्यांना आगगाडीने एका छावणीत नेण्यात आले, तेथे साध्या कपड्यांतला, टक्कल पडलेला, एका पायाने किंचित लंगडणारा एक माणूस आईला मिठी मारून रडू लागला. आजी म्हणाल्या की त्या आईच्या मागे लपल्या, आणि झोपायची वेळ झाल्यावरही तो माणूस उठून जाईना तेव्हा त्यांनी आईला विचारले, "हे गृहस्थ आपल्या घरी कधी जाणार?" वडिलांनी ते ऐकले. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर बरेच दिवस ते बाहेरच्या कोळशाच्या शेगडीजवळच बसून राहत, असे त्यांना आठवत होते. बापलेकीची खरी ओळख व्हायला वर्षे लागली. मोठ्या भावाचे तर पटलेच नाही, कारण सहा वर्षे तोच घरातला कर्ता पुरुष होता आणि आता अचानक कोणीतरी त्याला हुकूम करू लागले होते.

हा अनुभव एकट्या त्यांचा नव्हता. ब्रिटनमध्ये या कुटुंबांना ठेवले होते ते रिकाम्या झालेल्या सैनिकी तळांवर, अर्धगोल पत्र्याच्या बराकींमध्ये. ग्लॉस्टरशायरमधील नॉर्थविक पार्क आणि डॅग्लिंगवर्थ, स्टॅफर्डशायरमधील ब्लॅकशॉ मूर, वेल्समधील पेनरोस अशा कितीतरी जागा होत्या, आणि त्यांपैकी काही वस्त्या पुढे दहा-वीस वर्षे टिकल्या. कोल्हापूरच्या उन्हाची सवय झालेल्या मुलांना ती थंडी असह्य झाली. वडील बहुधा खाणीत, गिरणीत किंवा शेतावर मजुरी करायला दूर राहत आणि शनिवार-रविवारी येत, म्हणजे एकत्र येऊनही कुटुंब आठवडाभर विभागलेलेच राही. युद्धात पदके मिळवलेला माणूस विटांच्या भट्टीवर राबताना पाहून मुलांच्या मनातला फोटोतला बाप हळूहळू पुसला जाई. मुलांसाठी पोलिश शाळा काढण्यात आल्या, ग्लॉस्टरशायरमध्ये स्टोवेल पार्क येथे मुलींची निवासी शाळा होती. तेथे शिकलेल्यांनी पुढे इंग्लंडमध्ये चांगले जम बसवले, परंतु जेमतेम आईवडील भेटलेली मुलगी पुन्हा वसतिगृहात, असेही त्यामुळे घडले.

तरीसुद्धा त्या आजींनी एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगितली. वळिवड्यातील त्यांच्या शेजारच्या खोलीतील मैत्रिणीला कोणीच भेटले नाही, आणि निरोप घेताना ती मैत्रीण त्यांच्यावर रागावली होती. त्या वेळी त्यांना तो राग समजला नव्हता.

---

सुनंदा_करवीर

अभिलेख सर आणि मीनलताई, आपले मनापासून आभार. आपण दोघांनी लिहिलेले मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे, शेगडीजवळ बसणाऱ्या वडिलांचा प्रसंगही. भित्तिपत्रकावरील 'अनाथ' हा उल्लेख आम्ही बदलत आहोत. आता त्या शेजारच्या खोलीतील मैत्रिणीविषयी विचारते. ज्यांचे कोणीही सैन्यात नव्हते, त्या मुलांना शेवटी कोठे पाठवले? आणि ज्या आया सोव्हिएत संघातच मागे राहिल्या, त्यांना आपली मुले पुन्हा दिसली का?

---

उत्तर: अभिलेख_पुणे

मागे राहिलेल्या आयांविषयी आधी लिहितो. जानेवारी १९४३ मध्ये सोव्हिएत सरकारने तेथे उरलेल्या पोलिश नागरिकांना सोव्हिएत नागरिक ठरवले आणि एप्रिलमध्ये पोलिश सरकारशी संबंधच तोडले, त्यामुळे त्यांचा बाहेर पडण्याचा मार्ग बंद झाला. युद्धानंतर, मुख्यतः १९४६ मध्ये, त्यांपैकी पुष्कळांना पोलंडला परत येता आले, परंतु त्यांना वसवण्यात आले ते देशाच्या नव्या पश्चिम भागात, व्रोत्स्लाव्ह, श्चेचिन अशा शहरांत, जेथून जर्मन लोकसंख्या नुकतीच हलवली गेली होती. तेथून या आया रेड क्रॉसकडे चौकशी करू लागल्या. आई व्रोत्स्लाव्हमध्ये एका परक्या जर्मन घरात आणि मुलगा वळिवड्यात, अशी स्थिती होती. जी मुले आईच्या पत्रानंतर पोलंडला गेली, त्यांनाही वस्तुतः एक नवाच देश भेटला. काहींच्या बाबतीत मात्र मोठ्यांनी, मुलाला साम्यवादी राजवटीत पाठवू नये या ठाम मतापायी, जाण्याविरुद्ध सल्ला दिला. त्या मोठ्यांनी सायबेरिया भोगला होता, त्यामुळे त्यांची भीती मला समजते. परंतु आई जिवंत असताना मुलाला तिच्यापासून दूर ठेवण्याचा अधिकार त्या भीतीने कोणाला मिळतो असे मला वाटत नाही.

ज्यांचे कोणीच नव्हते, त्यांपैकी बालाचडीची उरलेली मुले छावणी बंद झाल्यावर १९४६ मध्ये वळिवड्यालाच आली होती. १९४८ मध्ये वळिवडे बंद झाल्यावर उरलेल्यांना पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत हलवण्यात आले, आणि तेथून पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका जो देश घेईल तिकडे. टांझानियातील टेंगेरू छावणीतून शंभराहून अधिक मुले १९४९ मध्ये कॅनडाला नेली गेली, तेव्हा वॉर्सा सरकारने हे अपहरण असल्याचा आरोप केला. मुलांच्या मागे दोन राजवटी भांडत होत्या आणि मुले बोटींवरून बोटींवर चढत होती.

न्यूझीलंडची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिचा मुंबईशी संबंध आहे. इराणमधून निघालेली ७३३ पोलिश मुले मुंबईत बोट बदलून १ नोव्हेंबर १९४४ रोजी वेलिंग्टनला पोहोचली आणि पाहिआतुआ गावातील छावणीत राहिली. सरकारने त्यांना युद्ध संपेपर्यंतच बोलावले होते, परंतु नंतर तेथेच राहू दिले, आणि युद्ध संपल्यावर काहींचे सैन्यातून सुटलेले वडील, भाऊ तिकडे जाऊन त्यांना मिळाले. येथे मूल आधी स्थिरावले आणि बाप त्याच्या मागोमाग आला.

---

उत्तर: गांधीनगर_मनोज

मी गांधीनगरचा, म्हणजे वळिवडे कॅम्पच्याच जागेवरील वस्तीचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली आमची माणसे याच बराकींत वसवली गेली, त्यामुळे माझे बालपण पोलिश माणसांनी सोडलेल्या घरांत गेले. आमच्या आजोबांचा धाकटा भाऊ फाळणीच्या गडबडीत मागे राहिला होता आणि बऱ्याच काळाने तो कल्याणच्या कॅम्पमध्ये चौकशी करत करत येथे पोहोचला. म्हणजे एकाच खोलीने दोन देशांच्या माणसांना वाट पाहताना पाहिले आहे. आमच्या लहानपणापासून अधूनमधून वयस्क पोलिश मंडळी आपल्या मुलांना, नातवंडांना घेऊन कॅम्प दाखवायला येतात. एकदा आलेल्या एका बाईंनी रस्त्यापासून पावले मोजत मोजत आमच्या गल्लीतील जागा शोधली आणि सोबतच्या भावाला दाखवले की येथे व्हरांड्यात उभी राहून आई पोस्टमनची वाट बघायची. भाऊ कॅनडात राहणारा होता, बाई इंग्लंडमध्ये. कॅम्प सुटल्यावर दोघांची भेट पहिल्यांदा झाली ती दोघांची लग्ने होऊन गेल्यावर, असे त्यांनीच सांगितले.

---

उत्तर: वैशाली_हॅम्बुर्ग

हा धागा मी गेले दोन दिवस वाचते आहे. मी जर्मनीत एकट्याने आलेल्या अल्पवयीन निर्वासितांसोबत काम करते. माझ्याकडची मुले सीरिया, अफगाणिस्तान, इरिट्रिया येथून आलेली आहेत. अभिलेख यांनी सैन्याच्या पटाविषयी लिहिले, त्याला धरूनच थोडे लिहिते, कारण सुनंदाताईंचे विद्यार्थी आजच्या मुलांविषयीही विचारतील अशी मला खात्री आहे.

१९४७ मध्ये बापाच्या कागदावर मूल आले. आज पुष्कळदा मूल आधी पोहोचते आणि आईवडील मागे असतात, आणि अशा मुलाला आईवडिलांना बोलावता येते की नाही हे तो कोणत्या देशात पोहोचला यावर ठरते. युरोपीय संघाच्या २००३ च्या कुटुंब-पुनर्मीलन निर्देशानुसार, निर्वासिताचा दर्जा मिळालेल्या एकट्या अल्पवयीन मुलाच्या आईवडिलांना येऊ देणे सदस्य देशांवर बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये याच्या उलट, प्रौढ निर्वासिताला आपली मुले आणता येतील असा नियम केला गेला, परंतु निर्वासित मुलाला आपले आईवडील आणण्याचा तसा हक्क दिला गेला नाही. ज्या देशाने १९४७ मध्ये वळिवड्याच्या मुलांना बापाजवळ नेऊन पोहोचवले, त्याच देशाची ही भूमिका मला अत्यंत खेदजनक वाटते. तेथील लॉर्ड आल्फ डब्ज यांनी या प्रश्नावर सातत्याने लढा दिला आहे. ते स्वतः १९३९ मध्ये सहा वर्षांचे असताना प्रागहून, नाझींच्या तावडीतून मुलांना वाचवण्याच्या मोहिमेतील गाडीने, लंडनला आले होते, स्टेशनवर त्यांचे वडील त्यांना घ्यायला आले होते आणि आई युद्ध सुरू होण्याच्या बेतात कशीबशी निसटून आली. त्याच मोहिमेत ब्रिटनला आलेल्या सुमारे दहा हजार मुलांपैकी बहुतेकांना आईवडील पुन्हा दिसले नाहीत.

हक्क असलेल्या देशातही वेळ हा मोठा शत्रू असतो. मुलाचा अर्ज निकाली निघेपर्यंत तो अठरा वर्षांचा झाला तर काय, हा प्रश्न युरोपीय न्यायालयापुढे गेला आणि एप्रिल २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितले की मूल देशात येऊन आश्रयाचा अर्ज करताना अल्पवयीन असेल तर तो हक्क पुढे बुडत नाही. हा निकाल लागला तेव्हा आमच्या कार्यालयात खरोखर आनंद झाला होता. परंतु जर्मनीत आईवडिलांना परवानगी मिळाली तरी मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांना ती आपोआप मिळत नाही, त्यांच्यासाठी पुरेशा जागेचे आणि उत्पन्नाचे निकष लावले जातात. सोळा वर्षांचा निर्वासित मुलगा पाच माणसांना पुरेल असे घर कोठून दाखवणार? त्यामुळे कित्येकदा एकटे वडील येतात आणि आई लहान लेकरांसह तिकडेच थांबते, म्हणजे मुलाला भेटण्यासाठी कुटुंब दुसऱ्या ठिकाणी तुटते. उझबेकिस्तानातील अनाथालयाच्या दारात उभ्या असलेल्या आयांना जे ठरवावे लागले, ते माझ्या ओळखीच्या आया आज फोनवर ठरवतात.

मीनलताईंनी लिहिलेला अनोळखीपणा मी दर वेळी पाहते. विमानतळावरील मिठीचे फोटो सगळेच काढतात. त्यानंतरच्या महिन्यांत, चार वर्षांत जर्मन बोलू लागलेला मुलगा वडिलांसाठी प्रत्येक कचेरीत दुभाषी होतो, वडिलांची सही कोठे करायची ते तो सांगतो, आणि घरात मोठे कोण हा प्रश्न न बोलता उभा राहतो. त्या काळात त्या कुटुंबाला आधार देणारे कोणीतरी सोबत असणे अत्यंत आवश्यक आहे, आणि सरकारी मदत नेमकी त्याच टप्प्यावर आटते, कारण कागदोपत्री प्रकरण निकाली निघालेले असते.

---

उत्तर: अभिलेख_पुणे

सुनंदाताई, आपल्याला पुढे शोध घ्यायचा असल्यास काही ठिकाणे सुचवतो. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातील दप्तरे आहेत, तेथे छावणीसंबंधी पत्रव्यवहार मिळतो का याची चौकशी मुलांसह प्रत्यक्ष जाऊन करावी, कारण मूळ कागद हातात घेतल्याचा परिणाम वेगळा होतो. दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागाराची पुष्कळशी सूची आता संगणकावर पाहता येते. लंडनमधील सिकोर्स्की संग्रहालयात पोलिश सैन्याची आणि निर्वासितांची कागदपत्रे आहेत, आणि जर्मनीत आरोल्सेन येथे युद्धकाळात ताटातूट झालेल्यांच्या शोधाचे मोठे दप्तर आहे, ज्याचा बराच भाग घरबसल्या पाहता येतो. वळिवड्यात राहिलेल्या मुलांनी पुढे ब्रिटनमध्ये आपली संघटना काढली होती. महावीर उद्यानातील स्तंभ तिच्याच पुढाकाराने १९९८ मध्ये उभा राहिला.

भित्तिपत्रकाविषयी एक सूचना करतो. एक मोठा नकाशा घ्यावा आणि एकाच कुटुंबातील माणसांच्या वाटा वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी दाखवाव्यात. बापाचा दोरा पूर्व पोलंडमधून तुरुंगाकडे, तेथून उझबेकिस्तान, इराक, इटली, इंग्लंड असा जाईल. मुलीचा कझाकस्तान, उझबेकिस्तान, इराण, कराची, वळिवडे, मुंबई, इंग्लंड असा. आणि तिसरा दोरा अशा अधिकाऱ्याचा ठेवावा, जो कोझेल्स्कपाशी थांबतो. आपल्या विद्यार्थिनीने विचारलेले उत्तर त्या नकाशावर तिला स्वतःलाच लावता येईल. कराचीचा टप्पा विसरू नये. वळिवड्याला येण्यापूर्वी बहुतेक कुटुंबे तेथील तात्पुरत्या छावणीत काही काळ राहिली होती, आणि पुढील प्रवास वळिवड्याकडे, आफ्रिकेकडे की मेक्सिकोकडे हे पुष्कळांच्या बाबतीत तेथेच ठरले.